आत्ताच झालेली गोष्ट

“पण बाई, आत्ता पाठवलेला रिपोर्ट ‘हॅड सेंट’ कसा होईल? तुम्हीच सांगा.”

शलाकाने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. खांद्यावरची फुगलेली पिशवी तिने ओसरीवर टेकवली आणि न्याय मिळायची वाट बघत तशीच उभी राहिली.

सालोमीबाई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मिशनच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि संगमनेरातली निम्मी पोरं अजूनही त्यांच्या ओसरीवर यायची. बाई फळा वापरत नसत. आलेल्याने बसायचं आणि सकाळपासून काय काय केलं ते पाच वाक्यांत इंग्रजीत सांगायचं. चूक झाली की बाई तांदळातला एक खडा स्टीलच्या वाटीत टाकायच्या.

टिंग.

एवढंच. चूक ज्याची त्याने शोधायची.

शलाकाच्या वाट्याला महिनाभरात एकही टिंग आला नव्हता. लग्न होऊन ती या गावात आल्याला सव्वादोन महिने झाले होते, आणि तेवढ्यात ही गोष्ट अख्ख्या आळीला तोंडपाठ झाली होती. सांगणारी अर्थात तीच.

“कोणी पाठवला रिपोर्ट?” बाईंनी विचारलं.

“तुषारनं.”

तुषार म्हणजे तिचा नवरा. एसटी स्टँडमागच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा.

“सकाळी त्याच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. हा म्हणतो कसा, ‘सर, आय हॅड सेंट इट जस्ट नाऊ.’ दोन मिनिटांपूर्वी पाठवलेला, बाई! आणि सांगतोय असं, की जसा काही आजोबांच्या काळात पाठवला होता.”

“मग?”

“मग मला हसू आलं. आणि काय म्हणायला हवं ते मी सांगितलं.”

“फोन चालू असताना?”

शलाकाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“...स्पीकरवर होता.”

“डॉक्टरांनी ऐकलं?”

“ऐकलं. हसले ते.”

“आणि तुषार?”

“तो नाही हसला.”

बाईंनी तांदळातला एक काळा दाणा वेचून बाजूला ठेवला.

“बरोबर सांगितलंस का त्याला?”

“शंभर टक्के बरोबर.”

“हं... बस. पाच वाक्यं सांग.”

शलाका बसली. घसा साफ केला. नेहमी ती घड्याळाकडे बघत, एकही अडखळ न घेता पाचही वाक्यं म्हणायची. शेवटचं संपलं की वाटीकडे एक नजर टाकायची. आज नजर खाली होती.

“वुई हॅड क्वॉरल्ड,” ती म्हणाली. आमचं भांडण झालं होतं.

“ही हॅड गॉन.” तो निघून गेला होता.

“आय हॅड पॅक्ड माय क्लोद्ज.” मी कपडे भरले होते.

“आय हॅड... डिसायडेड.”

पाचवं वाक्य काही येईना.

“काय ठरवलंस?” बाईंनी मराठीत विचारलं.

“साडेदहाची गाडी. श्रीरामपूर. आईकडे.” शलाकाचा आवाज चिरका झाला. “तोच म्हणाला, ‘तुमच्या माहेरी सगळे इंग्रजीतच जेवतात ना, मग जा तिकडंच.’ जाते म्हटलं. संपलं सगळं, बाई.”

“कधी झालं हे?”

“नऊला.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा होत आले होते.

शलाका थांबली. टिंग वाजला नाही. तिने वाटीकडे बघितलं. मग तिच्याच कानांत तिचीच चार वाक्यं पुन्हा वाजली, एकापाठोपाठ एक, आणि कानशिलं तापली.

“बाई... खडा?”

“कशाला?”

“चार वेळा चुकले मी. सकाळी त्याला ज्यावरून हसले, तेच ‘हॅड’.”

“मला काय ठाऊक, बाळ? ते किती लांबचं आहे ते सांगणाऱ्यालाच ठाऊक.”

एक चिमणी सुपाजवळ येऊन बसली. बाईंनी तिच्यापुढं दोन दाणे सरकवले.

“पिशवीत काय आहे?”

“म्हटलं ना, कपडे.”

“कपड्यांना लसणाच्या फोडणीचा वास येतोय.”

शलाकाला एवढ्यातही हसू फुटलं. तिने ते ओठांत दाबलं.

“त्याचा डबा आहे. रागाच्या भरात ओट्यावर विसरून गेला. सासूबाई देवळातून आल्या की बघतील, मग विचारतील. म्हणून उचलला.”

“भाजी कसली?”

“वांग्याची.”

“आमच्या मास्तरांना वांगं चालत नाही,” बाई म्हणाल्या.

आतल्या भिंतीवर मास्तरांचा, बाईंच्या यजमानांचा, फोटो होता. मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाई मात्र बोलायच्या ते असं, वर्तमानकाळात. हे चुकतंय हे शलाकाच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. गावात आपण नवीन आहोत म्हणून तेवढं तिने सोडून दिलं होतं.

“काढ डबा.”

दोन ड्रेसच्या मधून, टॉवेलच्या गुंडाळीतून डबा निघाला. बाईंनी सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसला. आणि डब्याच्या झाकणावर तळहात ठेवून त्या बसून राहिल्या.

बराच वेळ.

मग त्यांनी शलाकाचा हात धरला. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. तो हात त्यांनी झाकणावर ठेवला, आणि त्यावर आपला.



...

“गरम आहे अजून,” ती हळूच म्हणाली.

बाई चिमणीकडे बघत होत्या.

...

“पण मी बरोबर होते, बाई.”

“होतीस.”

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. हात काढून पुसावं, तर हात बाईंच्या हाताखाली. तिने ते तसंच वाहू दिलं.

“त्याच्यासमोर जाऊन काय बोलू मी? मराठीत की इंग्रजीत, मला तर...”

“कितीला जेवतो?”

“एकला.”

“मग वेळ आहे. कपडे इथं राहू देत. घरी जाताना घेऊन जा.”

बाईंनी आपला हात उचलला, सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

शलाकाने डबा टॉवेलात गुंडाळला; या वेळी नीट, चारही टोकं आत खोचून. चपला पायांत सरकवल्या. दोन पायऱ्या उतरली आणि वळली. पहिला नंबर मिळवायची सवय अशी सुटत नाही.

“बाई, पाचवं वाक्य राहिलं माझं.”

“उद्या सांग.” बाई तांदूळ पाखडू लागल्या. “आणि येताना डबा आण. रिकामा.”