आमची कुठेही शाखा नाही

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी रानातले प्राणी-पक्षी नुसते बोलत नसत, लिहीत-वाचतही असत. लिहायचं ते झाडाच्या पानावर. पान म्हणजे पत्र, म्हणून अशा लिहिलेल्या पानाला सगळे पत्रक म्हणत. कुणाकडे बारसं असलं, कुणाला काही विकायचं असलं, की पत्रकं निघत आणि रानभर वाटली जात.

त्या रानात एक खार राहत होती. पत्रकं करण्यात तिचं शेपूट धरणारं कुणी नव्हतं. शेपटीचं टोक जांभळाच्या रसात बुडवायची आणि चार फटकाऱ्यांत असं चित्र काढायची की जाणाऱ्याने थांबलंच पाहिजे.

खोट एकच. ती दचकायची. फळ पडलं की दचकायची. वारा सुटला की दचकायची, आणि थांबला तर जास्तच. का बरं थांबला असेल? कुणी चढ्या आवाजात बोललं की तिच्या तोंडातून आपोआप 'हो' निघायचं. 'हो' म्हटलं की समोरचा गप्प बसतो, हे तिला लहानपणीच कळलं होतं. गप्प बसलेला समोरचा मागाहून काय करतो, हे तिने कधी थांबून पाहिलं नव्हतं.

त्याच रानात, ओढ्याकाठच्या उंबराच्या तिसऱ्या फांदीवर, शिंपीणबाई राहत. शिंपी पक्ष्याची जात. अंगाने सुपारीएवढ्या, आवाजाने ढोलाएवढ्या. चोचीने दोन पानं टाचून, आत कापूस भरून, त्या असे पाळणे शिवत की सोसाट्याच्या वाऱ्यातही आतलं अंडं कूस बदलत नसे. पण हे ठाऊक कुणाला? चौथ्या फांदीवरच्या मुंग्यांना. आणि मुंग्यांना पाळणे लागत नाहीत.

त्या वर्षी वानरांनी ती तिसरी फांदी मागितली. लांब होती, लवचिक होती, पोरांना झोके घ्यायला झकास. प्रकरण कासवआजोबांकडे गेलं. रानातले निवाडे तेच करत, कारण निवाडा करताना घाई करू नये हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

आजोबा दोन दिवस विचार करून म्हणाले, "बाईंचा धंदा खरा असेल तर गिऱ्हाईक येईल. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला, सूर्य मावळायच्या आत, पाळणा घ्यायला दहा जणं त्या फांदीवर आली, तर फांदी बाईंची. नाही आली, तर वानरांची."

पौर्णिमेला दहा दिवस होते. शिंपीणबाई तडक खारीकडे गेल्या. "पोरी, मला पत्रक करून दे. बदल्यात तुला शेंगा ठेवायला पानांची पिशवी शिवून देईन. झाकणाची."

खारीने एक दिवस विचार केला आणि जांभळाच्या एका नीटस पानावर पत्रक केलं. मधोमध शिवलेली दोन पानं, त्यांतून डोकावणारं एक गोल अंडं. खाली दोनच ओळी: 'पाळणे शिवून मिळतील. ओढ्याकाठचा उंबर, तिसरी फांदी.'

शिंपीणबाईंनी मान डावीकडून कलवून पाहिलं, उजवीकडून कलवून पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. खारीचा जीव भांड्यात पडला. "पण..."

ज्यांनी कधी दुसऱ्यासाठी काही करून दिलं आहे, त्यांना हा 'पण' ओळखीचा असतो.

"पण माझं नाव कुठे आहे?"

"बाई, जिला पाळणा हवाय तिला आधी पाळणा दिसावा, म्हणून मी..."

"नाव नको?" बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांचा साधा आवाजच तसा होता. पण खार दोन वीत वर उडाली आणि खाली येता येता म्हणाली, "हो हो, घालते."

नाव घातलं. मग नावाच्या आधी 'सुप्रसिद्ध' आलं. 'सुप्रसिद्ध' मावेना, म्हणून जांभळाचं पान जाऊन पळसाचं आलं. पळसाच्या पानावर जागा उरली, म्हणून बाईंच्या आजेसासूबाईंचं चित्र आलं, कारण घराण्यातला पहिला टाका त्यांनी घातला होता. आजेसासूबाई एकट्या बऱ्या दिसेनात, म्हणून आजेसासरे आले. त्यांनी आयुष्यात एक टाका घातला नव्हता, पण ते फार देखणे होते म्हणे.

"अक्षरं आणखी जाड कर," बाई म्हणाल्या. "आणि हे अंडं जरा बारीक कर. उगाच डोळ्यांत येतं."

"अंडं डोळ्यांत यावं असंच तर..." खार बोलू लागली.

"काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

अशात तिथे कावळेमामा येऊन बसले. मामा माणसांच्या बाजारात छपरांवर बसून आलेले, म्हणून रानात जाणते समजले जात. त्यांनी पत्रक पाहिलं आणि मान हलवली.

"शिंपीणबाई, यात वजन नाही. शुभेच्छुक कुठे आहेत? खाली नावं हवीत. शुभेच्छुक नसलेल्या पत्रकाला बाजारात कुणी विचारत नाही."

मग शुभेच्छुक आले. मैना आली, साळुंकी आली, कारण मैना घातली आणि साळुंकी नाही तर ती बोलणार. टिटवीची सबंध भावकी आली. 'मार्गदर्शक: कावळेमामा' हे मामांच्याच सूचनेवरून आलं. वरच्या बाजूला 'सहकुटुंब सहपरिवार येण्याचं आग्रहाचं निमंत्रण' आलं. पळसाचं पान गेलं आणि सागाचं आलं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं," मामा म्हणाले. "खाली लिही: आमची कुठेही शाखा नाही."

खारीचं शेपूट रसातच थांबलं. "पण मामा, बाईंना शाखा आहे. तिसरी. शाखा म्हणजे फांदीच ना?"

"तुला नाही कळायचं ते, बाळ. बाजारात जेवढं दुकान नावाजलेलं, तेवढं हे वाक्य ठळक. मी स्वतः वाचलंय, ओळीने सात दुकानांवर. हे नसलं तर दुकान खरं वाटत नाही."

"पण वाचणाऱ्याला वाटेल..."

"काव," मामा म्हणाले. नुसता घसा साफ केला होता.

"हो, लिहिते," खार म्हणाली.

सागाचं पानही पुरेना. तेव्हा मामांनी केळीची पानं सुचवली. लांब, रुंद, तकतकीत. आता सगळं मावलं. एका कोपऱ्यात एक ओळ तेवढी आडवी येत होती. ओढ्याकाठचा उंबर, तिसरी फांदी.

"काढून टाक तो पत्ता," शिंपीणबाई म्हणाल्या. "वर सुप्रसिद्ध लिहिलंय ना? मग पत्ता कशाला?"

खारीने बाईंकडे पाहिलं. तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. ती म्हणाली, "हो."

अशी दहा पानं रंगवता रंगवता दुरुस्त्यांमध्येच पौर्णिमा उजाडली. अंडं आता मोहरीएवढं झालं होतं आणि कुणीतरी चुकून शिंतोडा उडवल्यासारखं दिसत होतं.

सकाळी खार आणि मामा पत्रकं वाटायला निघाले. केळीचं पान खारीला उचलेना, म्हणून ते ठिकठिकाणी वाटेवर अंथरून ठेवायचं ठरलं. शेवटचं पान अंथरून खार झाडामागे थांबली. एक बुलबुल जोडपं आलं. बुलबुलीणीची अंडी द्यायची वेळ अगदी भरत आली होती. तिने पत्रक आजेसासऱ्यांपासून टिटवीच्या भावकीपर्यंत वाचून काढलं.

"अहो, पाळणे शिवतात म्हणे. सुप्रसिद्ध आहेत."

"कुठे राहतात?"

"तेच तर. कुठेही शाखा नाही म्हणतात."

"एकही फांदी नाही?" बुलबुल म्हणाला. "म्हणजे जमिनीवरचं काम. साप काय उपाशी आहेत का? चल, आपलं काड्यांचंच बरं."

खारीने तोंड उघडलं. पण बुलबुल रागाने चोच आपटत होता. तिने तोंड मिटलं आणि उंबराकडे धूम ठोकली. मागे वळून पाहिलं असतं तर तिला दिसलं असतं, की तिच्या झुपकेदार शेपटीच्या मागोमाग बरीच मंडळी येत होती.

दुपारपर्यंत उंबराखाली ही गर्दी. अस्वलराव, तीन रानडुकरं, साळिंदर, दोन मोर, एक म्हातारा कोल्हा आणि त्याची सून. प्रत्येकाने आपापलं केळीचं पान काखेत नाहीतर दातांत धरून आणलं होतं. ते त्यांनी ओळीने मांडलं आणि त्यामागे ओळीने बसले.

"बघा," कावळेमामा वरून म्हणाले. "याला म्हणतात पत्रक."

शिंपीणबाईंनी भराभर डोकी मोजली. नऊ भरली. तेवढ्यात वाटेवर रेंगाळलेला एक ससा येऊन बसला. दहा. बाई आनंदाने फांदीवर नाचू लागल्या.

"पाण्याची पंचपात्री नाही दिली," म्हातारा कोल्हा सुनेला म्हणाला.

"मीठ पण नाही वाढलं अजून," अस्वलराव म्हणाले. "डावी बाजू सगळी रिकामी. कार्य कुणाकडचं आहे?"

केळीचं पान, आग्रहाचं निमंत्रण आणि खाली भावकीची नावं! रानाने ते कार्याचं आमंत्रण समजलं होतं. ज्यांनी पत्रक वाचलं होतं ते आले नव्हते, आणि जे आले होते त्यांनी वाचलं नव्हतं.

कासवआजोबा सकाळीच निघाले होते, ते आत्ता पोचले. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. "अस्वलराव, तुम्हाला पाळणा हवाय का?"

अस्वलाने विचार केला. "गोड असेल तर थोडा चालेल."

वानरांचा म्होरक्या फांदी वीत-वीत मोजू लागला. पंगत रुसून उठली. जाताना डुकरांनी पत्रकं खाल्ली, शुभेच्छुकांसकट.

शिंपीणबाई खारीकडे वळल्या. त्यांचा ढोल पहिल्यांदाच पिचका वाजला. "पोरी, हे असं होणार हे तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"कधीपासून?"

"पळसाच्या पानापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ओरडत होतात."

"मी कुठे ओरडले? माझा आवाजच असा आहे. माझ्या घरात विचार कुणालाही." बाई क्षणभर थांबल्या. "टाका कसा घालायचा ते मला कळतं गं. पत्रकातलं कळलं असतं, तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

ज्या आवाजाला खार दहा दिवस भ्याली, त्या आवाजात राग नव्हताच.

"अजून दीड प्रहर आहे," कावळेमामा म्हणाले. "मोठी पानं आणू. अक्षरं आणखी जाड करू."

"नाही," खार म्हणाली.

स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. इकडेतिकडे पाहिलं. आभाळ जागेवर होतं. मामा गप्प होते. बाई ऐकत होत्या.

मग तिने उंबराचीच लहान लहान पानं तोडली. एका फटकाऱ्यात शिवलेली पानं, एका ठिपक्यात अंडं. खाली तीनच शब्द: 'उंबर, तिसरी फांदी'. बाकी सगळं गाळलं. पानं तोंडात धरून ती झाडाझाडांवरून पळत सुटली, आणि पहिलं पान तिने बुलबुलीणीच्या चोचीतच दिलं. "काकू, शाखा आहे. मी चुकीचं लिहिलं होतं."

बुलबुलीण आली. दयाळाची जोडी आली. मुनिया आल्या, नाचण आली, चष्मेवाले पक्षी आले. उन्हं तिरपी होईपर्यंत फांदीवर नऊ गिऱ्हाइकं झाली. दहावी एक शिंजीर पक्षीण ओढ्यापलीकडून निघाली होती. सकाळी केळीचं पान वाचून ती दूर गेली होती, आणि दूर गेलेल्याला यायला वेळ लागतो. ती ओढ्यावर होती तेव्हा सूर्य मावळला.

सगळ्यांनी कासवआजोबांकडे पाहिलं. आजोबांना वाईट वाटलं. ते त्यांच्या मानेवर दिसत होतं. पण ते म्हणाले, "नऊ म्हणजे दहा नव्हे."

तिसरी फांदी वानरांकडे गेली. शिंपीणबाईंनी दोरा, कापूस गुंडाळला आणि त्या ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत राहायला गेल्या. नऊ पाळणे त्यांनी तिथे बसून शिवले. दहावा शिंजिरीला शिवला. खारीला झाकणाची पिशवीही मिळाली; झाकण मात्र जरा तिरपं होतं, आणि ते चुकून तिरपं नव्हतं. शिंपीणबाईंच्या लेकीबाळी आजही उंच झाड सोडून झुडपांतच राहतात.

थोड्या दिवसांनी नव्या जागेचं पत्रक करायचं ठरलं. खारीने करवंदीच्या पानावर अंड्याचं चित्र काढलं, खाली लिहिलं: 'पाळणे शिवून मिळतील. ओढ्याकाठची करवंदीची जाळी.'

कावळेमामा हळूच जवळ सरकले. "आता तरी ते वाक्य घाला. झुडपाला कसली आलीय शाखा? आता ते अगदी खरं आहे."

शिंपीणबाईंनी खारीकडे पाहिलं. "काय गं, घालायचं?"

ढोल वाजला. खार दचकली, सवय ती, एवढ्यात कशी जाईल? पण दचकून झाल्यावर ती म्हणाली, "नाही, बाई."

"बरं," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि पुन्हा टाका घालू लागल्या.

मुलांनो आणि मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: भिऊन म्हटलेल्या शंभर 'हो'पेक्षा वेळेवर म्हटलेला एक 'नाही' जास्त कामाचा असतो.