गौतमीची मदतनीस

“मदतनीस तर दिली, बुवा. आता आणखी काय द्यायचं?”

हा प्रश्न डॉ. बोपर्डीकरांनी मठाच्या ओसरीवर विचारला की पानं मांडली जात असताना, हे त्यांना आज खात्रीनं सांगता येत नाही. स्वर चढलेला होता, एवढं मात्र आठवतं.

निरंजनबुवा पानांपुढे द्रोण ठेवत होते. “डॉक्टर म्हणजे नाडी बघणारे?”

“नाही. शिक्षणशास्त्राचा. शाळेचा मुख्याध्यापक आहे.”

“बरं. मग सांगा.”

डॉक्टरांनी सांगितलं. चौथीतली गौतमी. तिला बोलायला वेळ लागतो, शिकायला त्याहून जास्त. विशेष शिक्षिका पाच शाळांत मिळून एकच. ती फक्त गुरुवारी येते. म्हणून भांडून एक मदतनीस मिळवली आणि गौतमीशेजारी मागच्या बाकावर बसवली. तेव्हापासून वर्गाच्या बाई त्या बाकाकडे वळतच नाहीत. मुलंही नाहीत. आता शिक्षक म्हणतात, आम्हाला तिला शिकवणं जमत नाही, दुसरीकडे पाठवा.

“सोमवारी तिची आई येणार. शाळा सोडल्याचा दाखला हातावर ठेवू का, ते सांगा.”

बुवा उरलेले द्रोण मांडत पुढे सरकले.

पंगत बसली. टोकाच्या पानावर भिकोबा होते. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेलेला, जीभ जड झालेली. शेवटचं पान आटोपेपर्यंत कुणी उठायचं नाही, असा मठाचा रिवाज.

बुवांनी आमटीची बादली डॉक्टरांच्या हातात दिली. “वाढा.”

“मी?”

“मग काय, प्रबंध वाचून दाखवता?”

आणि स्वतः भिकोबांसमोर मांडी घालून बसले. भात कालवला, घास केला. भिकोबा काहीतरी पुटपुटले. बुवा खो खो हसले. शेजारचे दोघेही हसले.

“अहो वाढपी, इकडे भात कोरडाच आहे!” कुणीतरी ओरडलं.

डॉक्टर धावले. आमटी धोतरावर सांडली. शेवटी वैतागून ते बुवांपाशी थांबले.

“अख्खी पंगत सोडून तुम्ही एकापाशी! यांना भरवायला मठात सेवेकरी नाही?”

“आहे की.”

“कुठं आहे?”

“आमटी सांडतोय.”

डॉक्टर बादली घेऊन पुढच्या पानाकडे वळले.

सोमवारी त्यांनी दाखला दिला नाही. मदतनिसीकडे वर्गाचं वाचन सोपवलं आणि बाईंची खुर्ची स्वतः उचलून गौतमीच्या बाकाशी नेऊन ठेवली. बाई चिडल्या. शिक्षकखोलीत आठवडाभर कुणी डॉक्टरांशी धड बोललं नाही. त्यांची रात्रीची झोप उडाली. खुर्ची मात्र त्यांनी हलू दिली नाही.

भिकोबांना भरवणं बुवांना उपजतच येत असणार, आपल्या बाईंना ते कसं यावं, ही शंका त्यांना पुढं फार छळत राहिली. बुवा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी मठातल्या म्हाताऱ्या स्वयंपाकीणबाईंना, गिरजाआक्कांना, विचारलं.

“छे हो! पहिल्याच दिवशी भिकोबांना असा ठसका लागला, की डोळे पांढरे व्हायची वेळ. सगळे म्हणाले, बुवा, तुम्हाला जमत नाही, उठा.”

“मग?”

“बुवा म्हणाले, ‘जमत नाही, म्हणूनच मी बसणार.’”