पाठमोऱ्या अंबूताई

"पण त्या क्षणी तुम्ही पाठ का फिरवलीत?"

विचारणाऱ्या होत्या प्रमिला टिपणीस, नवकथेच्या लेखिका. त्यांच्या कथांत कोणी रडत नसे. वाचकांविषयी तसं सांगता येत नाही.

उत्तर द्यायचं होतं अंबूताई मांद्रेकरांना. चाळीस वर्षं रंगभूमी गाजवून आता त्या सांगलीतल्या आपल्या ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

त्यांच्या एका गाजलेल्या नाटकात आईला मुलगा गेल्याची तार येते. इतर नट्या तिथं टाहो फोडत. अंबूताई प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या राहत, बस्स. त्यावर प्रमिलाबाईंनी वीस पानी लेख लिहिला होता. भावविवशतेला आपल्या रंगभूमीनं दिलेला हा पहिला नकार, असं त्यात सिद्ध केलं होतं. लेख सोमवारी छापायला जायचा होता.

"पहिल्या प्रयोगाला कवळी निसटली," अंबूताई म्हणाल्या. "तोंड लपवायला नको?"

"म्हणजे... नकार वगैरे काही नव्हता?"

"होता ना. कवळीचा."

प्रमिलाबाईंनी कागद हातात घेतले. वीस पानं एका कवळीवर उभी होती.

"मग लेख मागे घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "पण पुढचे दोनशे प्रयोग? तेव्हा तर कवळी घट्ट होती."

"घट्ट होती."

"मग?"

अंबूताईंनी हातातली शेंग टोपलीत ठेवली. पदर सावरला, आणि बसल्या जागीच वळून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पाठ ताठ होती. मग डावा खांदा किंचित खाली आला... एवढंच.



चेहरा बघावा म्हणून प्रमिलाबाई उठल्या. दोन पावलं टाकली आणि थांबल्या.

"पुरे," त्या म्हणाल्या. हा आवाज त्यांच्या कथांतला नव्हता.

"कोण दिसलं?"

"आई... ती गेली तेव्हा मी प्रुफं तपासत होते. तार वाचली आणि पुढचं पान घेतलं."



प्रमिलाबाईंनी डोळे पुसले. सवयीनं पेन उघडलं.

"ताई, एवढंच सांगा. तुमच्या चेहऱ्यावर आत्ता काय होतं?"

अंबूताई सावकाश वळल्या आणि टोपलीतली शेंग उचलली.

"मला काय ठाऊक, बाई? मी भिंतीकडे बघत होते."