खालचा दाणा टपोरा

एक होता मुंगळा. नाव त्याचं इवलू.

एक होता केना, बांधावरचं रानरोप. त्याला निळं निळं फूल. फुलाच्या पोटात दाणा.

तो दाणा इवलूला त्याच्या ताईने दाखवला होता. म्हणाली होती, "पिकला ना, की दोघं खाऊ."

ताई आता नव्हती. पण दाणा होता. इवलू रोज जाई, तुरु तुरु तुरु.
"केन्या, पिकला का?"
"नाही रे."

आज दाणा पिकला! इवलू धावला, तुरु तुरु तुरु.
आणि शेळी आली. कचाकच, कचाकच! फूल गेलं. पानं गेली. दाणाही गेला.

इवलू रडला, मुसमुस मुसमुस.

केना म्हणाला, "वेड्या, रडतोस काय? शेळीने वरचे खाल्ले. माझे खालीपण दाणे आहेत, मातीत! शेळीला ठाऊकच नाही."
"मग दे ना!"
"कसा देऊ? माती घट्ट. तिला सैल व्हायला सांग."

इवलू गेला, तुरु तुरु तुरु.
"माती माती, सैल हो.
केना दाणा देत नाही."
माती म्हणाली, "मी नाही होणार. आधी पाणी आण."

इवलू गेला, तुरु तुरु तुरु.
"पाण्या पाण्या, ये ना रे.
माती सैल होत नाही,
केना दाणा देत नाही."
पाटातलं पाणी म्हणालं, "मी नाही येणार. वाटेत मातीचं दारं, मला अडवणारा बांध. मळ्यातल्या हौसाक्काला फोडायला सांग."

इवलू गेला, तुरु तुरु तुरु.
"आक्का आक्का, दारं फोड.
पाणी इकडे येत नाही,
माती सैल होत नाही,
केना दाणा देत नाही."
हौसाक्का म्हणाली, "मी नाही फोडणार. मी वाकले, की मेली शेळी माझी मेथी खाते! आधी तिला खुंट्याला धाड."

इवलू गेला, तुरु तुरु तुरु.
"शेळी शेळी, खुंट्याला जा.
आक्का दारं फोडत नाही,
पाणी इकडे येत नाही,
माती सैल होत नाही,
केना दाणा देत नाही."
शेळी म्हणाली, "मी नाही जाणार! एवढासा तू. काय करशील रे?"

इवलू चढला. पायावर. मानेवर. थेट नाकात!
गुदु गुदु गुदु...
"आऽऽक्छी! जाते रे बाबा, जाते!"

शेळी पळाली, टणाटण.
आक्काने दारं फोडलं, खचाखच.
पाणी आलं, खळ खळ खळ.
माती भिजली, फुस फुस फुस.
केना हलला, आणि टुपकन!
एक नाही, दोन दाणे! वरच्याहून टपोरे!

एक इवलूने खाल्ला, कुटुम कुटुम.
"आणि हा ताईचा," म्हणाला. हळूच मातीत ठेवला.

कोंब आला. रोप झालं. वर निळं फूल. खाली, मातीत, पांढरं फूल.

एकदा शेळी आली सुटून. कचाकच, कचाकच!
इवलू रडला नाही. हसला.
"खा गं शेळी, खा! वरचे तुझे. खालचे माझ्या ताईचे!"

पाणी प्यायलं रान सारं,
आक्काने बुजवलं गोष्टीचं दारं.