घाटाखालचं सार

रस्ते बैलगाडीच्या चाकांनी पडत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका घाटाच्या पायथ्याशी एक बाई खानावळ चालवायची. तिच्याकडे भात, भाकरी, एखादी भाजी आणि ताक मिळे. पण वाटसरू थांबायचे ते तिच्या टोमॅटोच्या सारासाठी. ताजे, लाल टोमॅटो ती निखाऱ्यावर भाजायची, साल काढून कुस्करायची आणि वरून तुपाजिऱ्याची फोडणी द्यायची. लोक वाटीच तोंडाला लावत.

एका वर्षी टोमॅटोवर करपा पडला. पानं काळी झाली, फळं झाडावरच सडली. बाजारात थोडेफार टोमॅटो येत, ते राजाच्या मुदपाकखान्यात जात. बाईने काही दिवस वाट पाहिली. मग तिने चिंच कोळली, गूळ घातला आणि रंगासाठी तांबडा भोपळा शिजवून घोटला. सार आंबटगोड झालं, दिसायलाही पहिल्यासारखंच.

चिंचोके काढता काढता सासूने तिला सांगितलं, की चिंचेचं सारही चांगलंच लागतं, तेवढं सांगून वाढ. बाईला ते पटलं होतं. पण त्याच दुपारी एक व्यापारी म्हणाला, की साऱ्या मुलखात टोमॅटो नाही आणि या घरात मात्र तीच चव आहे. सगळी पंगत कौतुकाने तिच्याकडे पाहू लागली. ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं, आणि आठवड्याभरात तिने तो विचारच सोडून दिला.

दर महिन्याला एक कासार बांगड्या विकायला घाट उतरून येई. माणूस शांत, मोजकं बोलणारा. इतकी वर्षं तो सार पीत आला होता, पण कधी काही विचारलं नव्हतं. या खेपेला मात्र वाटेत त्याच्या कानावर टोमॅटोची टंचाई आली होती. वाटी पुढे आली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "बाई, यात चिंच नाही ना?"

पंगत भरलेली होती. दोघांतिघांनी माना वर केल्या.

"नाही हो," बाई म्हणाली. "टोमॅटोचंच आहे. बिनघोर प्या."

तो दोन वाट्या प्यायला, पेटी खांद्याला लावून निघाला आणि गावकुसाबाहेरच्या विहिरीपाशी खाली बसला. लोकांनी त्याला उचलून खानावळीच्या ओट्यावर आणलं. त्याचा घसा सुजला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या. श्वासासाठी तो ओट्याची कड धरून धडपडत होता. वैद्याने याने काय खाल्लं म्हणून विचारलं. सासूने सुनेकडे पाहिलं.

"चिंच," बाई म्हणाली.

पंगतीतले लोक अजून तिथेच उभे होते. वैद्याने काढा पाजायचा प्रयत्न केला, पण तो घशाखाली उतरेना. ऊन कलायच्या आत कासार गेला.

बांगड्यांची पेटी घेऊन बाई स्वतः त्याच्या गावी गेली. त्याच्या बायकोसमोर बसून तिने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. त्या बायकोचे हात बांगड्यांविना मोकळे होते. लहानपणी एकदा चिंच खाऊन नवऱ्याचा जीव जाता जाता वाचला होता, एवढंच तिने सांगितलं.

"तुम्ही चिंच आहे म्हणाला असता," ती मग म्हणाली, "तर ते ताकभात खाऊन उठले असते."

तिने पेटी आत घेतली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी टोमॅटो उदंड पिकले. बाईने पुन्हा निखाऱ्यावर टोमॅटो भाजून सार केलं. वाटसरू वाटीकडे पाहत, कशाचं आहे म्हणून विचारत. ती खरं तेच सांगे. ते ऐकून घेत, वाटी बाजूला सारत आणि भाकरी खाऊन निघून जात. सार पातेल्यात तसंच निवून जाई.

म्हणून लहानमोठ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: एकाच्या जागी दुसरा जिन्नस खुशाल वापरावा, पण खाणाऱ्याला त्याचं खरं नाव सांगूनच वाढावं.