कुंडीचा अर्ज

“ते सगळं खरं बाबा, पण आकडा सांगा. रोज किती पाणी?”

लालशाबाबा खुरप्यानं हरळी काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“अर्धा लिटर? पाऊण? सकाळी घालू की संध्याकाळी?”

हरळीची मुळी लांब होती. बाबांनी ती तुटू न देता सावकाश ओढली, बाजूला ठेवली आणि दुसरीला हात घातला.

विचारणारे होते वामनराव उपळेकर, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. चौतीस वर्षं त्यांनी कालव्यांना पाणी सोडलं होतं. कुठल्या गावाला किती, किती दिवस, कुठल्या दारातून, सगळं त्यांच्या डोक्यात. आपल्या सहीशिवाय तालुक्यात पाट वाहत नव्हता, हे ते स्वतःच सांगत, आणि दोनदा सांगत.

असा माणूस मार्गशीर्षातल्या एका सकाळी गावाबाहेरच्या पिराच्या तकियात, एका फकिरापुढे उकिडवा बसला होता. कारण त्याच्या हातून एक कुंडी जगत नव्हती.

खरं म्हणजे कुंड्या बारा होत्या. त्यांच्या पत्नीच्या, शालनताईंच्या. ताई चैत्रात गेल्या. तोवर वामनराव साहेबांनी घरच्या कुठल्या रोपाला बोट लावलेलं नव्हतं. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि साहेबांनी वही काढून तक्ता आखला. पहिलं आवर्तन सकाळी सहाला, दुसरं संध्याकाळी सहाला. मोगरा इतका, जास्वंद इतकी, अबोली इतकी. मापाचं भांडं आणलं. एक पाळी चुकवली नाही, तापात सुद्धा उठून घातली.

आठ महिन्यांत अकरा कुंड्या मेल्या.

बाराव्या कुंडीत पांढऱ्या फुलांचा अनंत होता. तोही पिवळा पडत चालला होता. त्याची फांदी ताईंनी याच तकियातून नेऊन लावली होती, म्हणून साहेब स्कूटरवर पायांमध्ये कुंडी धरून इथवर आले होते.

“अकरा गेली,” साहेब म्हणाले. “हे मात्र जाऊ द्यायचं नाही.”

आवाज त्यांना हुकमाचा काढायचा होता. तसा तो निघाला नाही.

बाबांनी खुरपं खाली ठेवलं. हात लुंगीला पुसले.

“सायेब, तुमच्या खात्यात पानी कसं सुटायचं?”

“कसं म्हणजे? मागणी आली की.”

“कुनाची?”

“शेतकऱ्याची. सात नंबरचा अर्ज भरून द्यायचा. पीक कुठलं, क्षेत्र किती, खाली सही. त्याशिवाय मी थेंब सोडत नव्हतो. पुढाऱ्यांचे फोन यायचे, तरी नाही.”

“आन् ह्या कुंडीनं अर्ज केलता?”

...

साहेब हसले. त्यांना ती थट्टा वाटली. बाबा हसत नव्हते.

त्यांनी कुंडी आडवी केली आणि तळ बघितला. तळाला भोक नव्हतं. जिथं असायला हवं तिथं सिमेंटची गुळगुळीत टिकली होती.

“हे काय?”

“बुजवलंय. खालून गळत होतं.” साहेबांच्या बोलण्यात जरासा तोरा आला. खात्याचा माणूस, गळती दिसली की त्याला चैन पडत नाही. “निम्मं पाणी वाया जायचं. आता एक थेंब जात नाही.”

“बाराबी?”

“बाराही.”

बाबांनी डोळे मिटले.

मग त्यांनी खुरप्याचं टोक टिकलीवर धरलं आणि वर दगडानं ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला सिमेंट फुटलं आणि आतून काळं पाणी आलं. पाण्यामागून वास आला, कुजक्या मुळांचा.

साहेबांचा हात रुमालाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तहानेनं एकही झाड गेलं नव्हतं. बाराही कुंड्यांना त्यांनी आपल्या हातांनी, वेळेवर, मापानं, बुडवलं होतं. त्यांना फार शरम वाटली.

“हात घाला,” बाबा म्हणाले.

“कशात?”

“मातीत.”

साहेबांनी माती बघितली होती ती नमुन्याच्या पिशवीत, वर चिठ्ठी लावलेली. त्यांनी बाही सारली. बोटांना गारवा लागला, मग लगदा लागला.

“मूठ भरा. गोळा करा. आता कमरंइतक्या उंचीवरनं सोडा.”

थप्प. गोळा पडला तिथंच शेणाच्या पोवासारखा बसला.

“ह्यो गोळा पडून फुटंल, तवा वाफसा आला म्हना.”

वाफसा. माती चिखल नाही आणि खडंगही नाही, हाताला ओल लागते पण चिकटत नाही, अशी वेळ. कुणब्याचं पोर चालताना पायांनी ओळखतं. साहेबांनी हा शब्द अहवालांत हजारदा लिहिला होता. कुठल्या जमिनीला किती टक्के ओल म्हणजे वाफसा, ते झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. आत्ता मात्र ते बोटांना चिकटलेल्या चिखलाकडे बघत राहिले.

“किती दिवस लागतील?”

“मला काय ठावं. कुंडी हितंच ठिवा. रोज सकाळी येत जावा. येताना तांब्या भरून आना.”

“आणि घालायचं?”

“न्हाई. भरून आनायचा, भरल्याला माघारी न्यायचा.”

साहेब रागावूनच घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी आले, तांब्या भरून.

मूठ, गोळा, थप्प. तांब्या परत.

तिसऱ्या दिवशी तेच. दर्शनाला आलेल्या दोन बाया कुजबुजल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. न ऐकणाऱ्याला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इथं तर घडा सुलटा होता, काठोकाठ भरलेला होता, फक्त ओतायची मनाई होती.

चौथ्या दिवशी अनंताची दोन पानं गळाली. साहेबांचा धीर सुटला.

“मरतंय ते, बाबा! डोळ्यांदेखत मरतंय, आणि मी हातात पाणी घेऊन नुसता उभा!”

बाबा खुरपं घेऊन पुन्हा हरळीकडे वळले.

“घालायचंच नाही, तर आणायला कशाला लावता?”

“रिकाम्या हातानं न घालनं सोपं असतं, सायेब.”

तांब्यातलं पाणी हिंदकळून साहेबांची चप्पल भिजली. मग त्यांनी ती दोन पिवळी पानं उचलून खिशात घातली आणि निघाले.

पाचवा दिवस. सहावा.

सातव्या दिवशी गोळा पडला आणि चपटा झाला, पण कडेला एक भेग गेली. साहेब खाली वाकून ती भेग बघत राहिले. मग त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच चवड्यांवर न बसता जमिनीवर मांडी घातली.

“तिचाही तक्ता होता,” ते म्हणाले.

बाबा ऐकत होते.

“दुखणं लांबलं, तेव्हा मी भिंतीवर लावला होता. दर दोन तासांनी दहा चमचे. पेज, डाळिंबाचा रस, नारळपाणी. डॉक्टर म्हणायचे, असा नवरा बघितला नाही.”

कडुलिंबावरून एक काडी पडली. साहेबांनी ती उचलली.

“शेवटच्या दिवशी... दुपारी. तिनं तोंड फिरवलं. पुरे म्हणाली. बसा जरा, म्हणाली.”

...

“मी म्हटलं, अजून दोन चमचे राहिलेत.”

साहेबांनी काडी मोडली. तिचे तुकडे केले, त्या तुकड्यांचेही केले.

“ते घातले मी. दोन्ही. मग भांडं धुवायला आत गेलो. येऊन बघतो तर...”

चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि आठ महिन्यांच्या एकटेपणात न रडलेला माणूस पिराच्या अंगणात, मातीच्या हातांनी तोंड झाकून रडला. बाबांनी त्यांना गप्प केलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. ते नुसते शेजारी बसून राहिले. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी दोघं तिथंच होते.

उठताना साहेबांनी एवढंच विचारलं, “ती इथं यायची, तेव्हा काय बोलायची?”

“बाई? काय बी न्हाई,” बाबा म्हणाले. “फांदी मागितली, आन् निस्त्या बसून ऱ्हायल्या. त्यांना बसाया आवडायचं.”

साहेबांनी मान हलवली. हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

आठव्या दिवशी साहेबांनी वही आणली नाही. आजवर ती रोज काखेत असायची.

नवव्या दिवशी ते आले तेव्हा बाबा चुलीपाशी चहा उकळत होते. साहेबांनी तांब्या ठेवला. मूठ भरली. माती यावेळी बोटांवरून आपोआप सुटली, ओल तेवढी तळव्याला राहिली. त्यांनी गोळा केला, कमरेशी धरला आणि सोडला.

गोळा पडला आणि फुटला. कणन् कण वेगळा झाला.

साहेबांनी हाक मारली नाही. बाबांना दाखवलंही नाही. ते कुंडीपाशी मांडी घालून बसले. अनंताची खालची पानं सगळी गेली होती, काठी उघडी पडली होती. शेंड्याला मात्र दोन पानं हिरवी होती, आणि त्या दोहोंच्या बेचक्यात तांदळाच्या कणीएवढं काहीतरी वर येत होतं. पान असेल, नाहीतर नसेलही.

चहा उकळून खाली उतरला. बाबांनी दोन कप भरले, पण हाक मारली नाही.

साहेब बसून होते. एवढा वेळ ते आजवर कुणाहीपाशी नुसते बसले नव्हते.

मग त्यांनी तांब्या उचलला. बुंध्यापासून जरा लांब त्यांनी बारीक धार धरली. माती पाणी प्यायली, तिचा रंग गडद झाला, आणि आतून बारीक चुर्र आवाज आला. तळाच्या भोकातून एक थेंब बाहेर आला आणि जमिनीवर पडला. गळालेल्या पाण्याकडे साहेबांनी पहिल्यांदाच रागानं बघितलं नाही.

त्यांनी धार थांबवली. तांब्यात अजून निम्मं पाणी होतं.

ते कुंडीवर वाकले.

“पुरे?” त्यांनी हळूच विचारलं.

कडुलिंबावर एक साळुंकी आली आणि गेली.

साहेबांनी सवयीनं मान वळवून बाबांकडे बघितलं. साहेबांचे डोळे भरून आले होते, हातातला तांब्या पुन्हा कलायला लागला होता.

“मला काय इचारता, सायेब?” लालशाबाबा म्हणाले. “थांबा. तिला सांगू द्या.”