पायरीला लावलेली जाती

जपून चढा हो, नजर खाली ठेवा. वाघजाईच्या या पायऱ्यांत जागोजागी गोल खळगे आहेत, नवख्या माणसाचा पाय हमखास मुरगळतो. बुजवत का नाही, असं सगळेच विचारतात. मी इथला गुरव; बुजवायचा अधिकार मला नाही, आणि ज्यांना आहे त्यांची छाती होत नाही. बसा इथं, सांगतो.

फार मागची गोष्ट. आमच्या शिरवंडीचा पाटील होता सटवाजी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही लगेच त्याला शिव्या घालायला मोकळे. तेव्हा गावच्या बाया कोंबडं आरवायच्या आधी उठून नाचणी दळायच्या. हातांना घट्टे पडायचे. घरोघरच्या ओव्या ऐकत पाटील अंथरुणात पडलेला असायचा आणि त्याला त्या बायांची दया यायची म्हणे. एकदा तो खाली देशावरच्या पेठेत गेला. तिथं बैलानं फिरवायचं भलं मोठं जातं पाहिलं आणि गडी हरखलाच. परत येऊन वाघजाईला नवस बोलला, की असलं जातं माझ्या गावात येऊ दे, घराघरातली जाती तुझ्या पायरीला लावीन.

जातं आलं. पाटलानं नवस फेडला, घराघरातली जाती उचलून पायऱ्यांत चुन्यानं पक्की बसवली, साऱ्या गावाला गोडाचं जेवण घातलं. बायांना मात्र विचारलं नाही. अहो, चांगलंच तर करतोय, त्यात विचारायचं काय!

आता हा पडला डोंगराचा मुलूख. पावसाळा लागला की इथले सगळे बैल भातखाचरांत चिखलणीला जुंपलेले. मग नाचणी कशी दळायची? घरची जाती तर देवीच्या पायरीत. शेवटी बायाच जू खांद्यावर घेऊन फिरू लागल्या. कुणी तक्रार केली नाही. देवीला वाहिलेली वस्तू परत कशी मागायची, आणि पाटलापुढं तोंड कोण उघडणार? दळण म्हणजे बायकांचं काम, म्हणून पुरुष तिकडे फिरकतही नव्हते. जू ओढताना श्वास पुरत नव्हता, तर ओवी कुठली निघायची! पहाटेच्या ओव्या बंद पडल्या, तेही आम्हा पुरुषांच्या लक्षात आलं नाही.

त्या जुवाखाली पाटलाची धाकटी सून होती, कोंडाबाई. पोटुशी होती. एका सकाळी ती फिरता फिरता तिथंच कोसळली. पोटातलं मूल गेलं. धावत आलेल्या सटवाजीनं जू पाहिलं, बायांचे सोलपटलेले खांदे पाहिले. "अगं, सांगितलं का नाही कुणी?" असं तो ओरडला म्हणे. कोंडाबाई एवढंच म्हणाली, "मामंजी, विचारलं कुणी?"

शरमेनं त्याची मान जी खाली गेली ती गेलीच. पहार घेऊन तो पायऱ्या उकरायला लागला. देवीचा कोप होईल म्हणत लोक आडवे आले. तो म्हणाला, "तिलाही मी विचारलं नव्हतं." मग एकेक जातं डोक्यावर घेऊन तो दारोदार फिरला. कुठलं कुणाचं, हे त्याला कुठं माहीत? म्हणून प्रत्येक दारात विचारायचा, "बाई, हे तुझं का?" नाही म्हटलं, की पुढचं दार. शेवटी राहिलं ते त्याच्याच घरचं. कोंडाबाई दारात येऊन उभी राहिली. घेते म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. सटवाजी जातं न उतरवता तसाच उभा. पुढं तिनं काय उत्तर दिलं ते कुणालाच ठाऊक नाही, आणि मनचं काही जोडून सांगायची आम्हाला लाज वाटते.

आजही गावात नवं काही यायचं असलं, पंप असो की बिनधुराची चूल, पाटलांच्या घरचा कर्ता पुरुष डोक्यावर दगड घेऊन निघतो. ते ज्यांनी वापरायचं त्यांच्या दारोदार जाऊन विचारतो, आणि सगळ्यांच्या शेवटी आपल्या सुनेला. ती बोलेपर्यंत दगड उतरवायचा नाही. परवा मळणीचं यंत्र आलं होतं. ते देणारी माणसं वेशीवर गाडी लावून ताटकळली, घड्याळं बघायला लागली. इकडे सूनबाई दारात उभी, गप्प. त्यांच्यातला एक साहेब मला म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी तिला जरा घाई करायला सांगा."

मी कुठल्या तोंडानं सांगणार?